गुडघ्यापेक्षा चार बोटं उंच

खुर्चीवाल्यांनी आयुष्यात कधी गाडीच्या बॉनेटखाली डोकावून पाहिले नव्हते, आणि आता स्वतः गाडी घ्यायला निघाल्यावर ती सवय लावून घ्यावी असेही त्यांना वाटले नाही. गाडी म्हणजे काय, याबद्दल त्यांचे मत साधे होते. चार खुर्च्या, वर छप्पर, खाली चाके. चाकांबद्दल आणि छपराबद्दल ज्याला बोलायचे असेल त्याने खुशाल बोलावे. खुर्च्यांबद्दल मात्र त्यांना कोणी शिकवू नये.

त्यांचे खरे नाव फक्त वीजबिलावर येत असे, आणि ते वाचताना हा कोण गृहस्थ, असा प्रश्न त्यांना स्वतःलाच क्षणभर पडे. सगळी गल्ली त्यांना खुर्चीवाले म्हणे, बायको ‘अहो’ म्हणे आणि थोरली बहीण ‘धाकट्या’ म्हणे. डोक्यावरचे उरलेसुरले केस पांढरे झाले तरी तिने त्यात बदल केला नव्हता. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे दुकान होते. न्हाव्याच्या फिरत्या खुर्च्या, दातांच्या डॉक्टरांची लांब खुर्ची, कचेऱ्यांतल्या एका बाजूला कललेल्या खुर्च्या, सभागृहातल्या एकमेकींना जखडलेल्या खुर्च्या, अशा सगळ्या तिथे दुरुस्तीला येत. खोलीला सरसाचा आणि नव्या रेक्झिनचा वास होता. तो त्यांच्या कपड्यांना, जेवणाला आणि बायकोच्या मते स्वभावालाही लागलेला होता.

दुकानात माणूस आला की ते त्याच्या तोंडाकडे पाहत नसत. तो कुठे बसतो आणि कसा बसतो, ते पाहत. काठावर टेकणारा माणूस काम अर्धवट सांगून जाणार आणि उरलेले सांगायला परत येणार. मागे रेलून पाय पसरणारा उठता उठणार नाही. या दुसऱ्या जातीच्या लोकांसाठी त्यांनी एक स्टूल मुद्दाम अवघड बनवले होते. ते विकायला नव्हते.

गाडी हवी होती ती ताईसाठी. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि बाहेर कोणाला सांगायची नव्हती. तशी ताईची अट होती.

ताई मुलींच्या शाळेत कवायत शिकवत असे. जमिनीवरून उठताना हात टेकायचा नाही, हा तिचा पहिला धडा होता आणि बहुधा शेवटचाही. शहरातल्या ठरावीक वयाच्या बायका आजही जमिनीवरून उठताना हात टेकण्याआधी इकडेतिकडे पाहून घेतात, ते तिच्यामुळे. आई लवकर गेली. तेव्हा धाकट्याला वाढवण्याचे कामही तिने कवायतीसारखेच, न चुकता आणि मोठ्या आवाजात पार पाडले. स्वतःच्या लग्नाचा विषय तिने लोकांना एकदाच काढू दिला होता.

मग तिच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. गुडघा वाकू लागला, पण एका मर्यादेपर्यंत. “या वयात एवढा वाकला म्हणजे उत्तमच,” असे डॉक्टर म्हणाले. ताईने डॉक्टरांना त्यांचे वय विचारले.

इस्पितळातून घरी आणताना टॅक्सी केली होती. टॅक्सी बुटकी होती. तिच्यात ताई कशीबशी बसली, पण दाराशी आल्यावर तिला उठता येईना. टॅक्सीवाला भला माणूस होता. त्याने शेजारच्या शिंप्याला हाक मारली आणि दोघांनी “घ्या, घ्या, सांभाळून” म्हणत, काखेत हात घालून तिला उपसून काढले. गल्लीत उभ्या असलेल्यांमध्ये तिच्या जुन्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिले. तिला लागले ते तेच.

आत आल्यावर ती म्हणाली, “धाकट्या, यापुढे मला कोणी उचलायचं नाही. मेल्यावर उचला. तेव्हा माझी हरकत नसेल.”

त्यानंतर ती घरापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाई आणि परत येई. कोणत्याही वाहनात बसायला तिने साफ नकार दिला. संगीताच्या बाई म्हणून तिची एक जुनी मैत्रीण होती. दर रविवारी निवृत्त शिक्षिकांचे टोळके तिच्या घरी जमे. तिथे जाणे ताईने बंद केले. “त्याच त्या गप्पा असतात,” असे तिने सांगितले. त्या गप्पांपैकी निम्म्या तीच मारत असे, हे कोणी तिला बोलून दाखवले नाही.

खुर्चीवाल्यांनी तिच्यासाठी घरात एक खुर्ची बनवली. तिच्या गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं उंच, पुढचा काठ टणक, बैठक पुढे किंचित झुकलेली, आणि हात नसलेली, कारण हात असते तर तिने टेकले असते, आणि टेकले असते तर स्वतःला माफ केले नसते. त्या खुर्चीवरून ती छातीशी हाताची घडी घालून सरळ उठे. घरात ती पूर्वीसारखीच होती म्हणायला हरकत नव्हती. फक्त हळूहळू ती गोड बोलू लागली. भाजीत मीठ नसले तर “चालेल” म्हणू लागली. दुकानातला भुसा तिच्या खोलीत आला तर “तुम्हाला जमेल तेव्हा झाडा” म्हणू लागली. बायकोला बरे वाटले. खुर्चीवाले घाबरले. बहिणीला त्यांनी जन्मात कधी अशी पाहिली नव्हती. आणखी काही महिने ती अशीच कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत राहिली, तर एक दिवस ती त्यांना ‘अहो’सुद्धा म्हणेल, असे त्यांना वाटू लागले.

म्हणून गाडी. नवी गाडी घरच्या शिलकीत बसणारी नव्हती; जुनी, लहान, कोणीतरी वापरलेली बसेल असा अंदाज होता. त्यांनी शिकवणीला जाऊन परवाना काढला. मागे घेण्याची कला सोडली तर बाकी त्यांना बरे जमले. मग एक लाकडी पट्टी घेतली, ताईच्या खुर्चीला लावून बरोबर त्या उंचीची कापली, टोके घासून गुळगुळीत केली आणि ती पट्टी घेऊन ते गाडी पाहायला निघाले.

सोबत मेहुणा होता. तो टपाल खात्यात होता आणि गाड्यांतला जाणकार म्हणून खुर्चीवाल्यांच्या सासरी प्रसिद्ध होता. त्याच्याकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती. त्यामुळे त्याचे ज्ञान वापरून झिजलेले नव्हते.

“भाऊजी, तीन गोष्टी लक्षात ठेवा,” तो वाटेत म्हणाला. “एक, इंजिन थंड असताना चालू करायला लावायचं. आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजायचं, काहीतरी लपवतायत. दोन, पायाखालची चटई उचलून गंज बघायचा. तीन, गाडी आवडली तरी चेहरा पाडून उभं राहायचं.”

“तिसरी मला जमेल,” खुर्चीवाले म्हणाले.

जुन्या गाड्यांचा बाजार एका मोकळ्या मैदानावर होता. पत्र्याची एक कचेरी, तिच्यापुढे पाणी मारून धुतलेल्या गाड्यांच्या रांगा आणि चाव्यांचा जुडगा बोटात फिरवणारा एक विक्रेता. तो प्रत्येक गाडीजवळ थांबून सांगे, “ही डॉक्टरांची. फक्त रविवारी काढायचे.” पुढची गाडी दुसऱ्या डॉक्टरांची निघे. त्या मैदानावरच्या सगळ्याच गाड्या डॉक्टरांच्या होत्या. शहरात इतके डॉक्टर असूनही ताईचा गुडघा तेवढाच वाकत होता, याचे खुर्चीवाल्यांना नवल वाटले.

त्यांनी पहिल्या गाडीचे डावीकडचे दार उघडले, पट्टी जमिनीवर उभी धरून सीटला लावली, मान हलवली आणि दार लावले. दुसऱ्या गाडीचे उघडले. तिसऱ्या गाडीत ते पाय बाहेर ठेवून बसले, हाताची घडी घातली आणि उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले.

विक्रेत्याने मेहुण्याला हळूच विचारले, “साहेब, यांचं काय चाललंय?”

“गाडी बघतायत.”

“मग चालवणार कोण?”

“मी,” खुर्चीवाले म्हणाले.

“अहो, मग तिकडे बसा की. स्टिअरिंग तिकडे आहे.”

“तिकडे मी कसाही बसेन.”

विक्रेत्याने जुडगा खिशात टाकला. “भाऊ, इंजिन तरी ऐका. आवाज येत नाही हो, लोण्यासारखं आहे.”

“इंजिनावर कोणी बसणार नाहीये.”

मेहुण्याने विक्रेत्याकडे पाहून डोळे मिचकावले. त्याचा अर्थ, आमचे भाऊजी मोठे मुरलेले गिऱ्हाईक आहेत, असा होता. विक्रेत्याने तो वेगळा घेतला आणि थोडा लांब उभा राहिला.

पुढचे काही रविवार असेच गेले. जाहिराती वाचून ते लोकांच्या घरी जाऊ लागले. एका तरुणाची तांबडी, जमिनीला पोट लावून उभी असलेली गाडी होती. खुर्चीवाल्यांनी बसायला म्हणून अंग सोडले आणि ते खाली जातच राहिले. “हिच्यात बसत नाहीत,” बाहेर आल्यावर ते म्हणाले, “हिच्यात पडतात.” तरुणाला ती स्तुती वाटली.

दुसऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी कारखान्यातून आलेले प्लास्टिकचे वेष्टन सीटवर तसेच ठेवले होते. गाडी त्यांनी इतकी जपली होती की तिच्यात कोणाला धड बसू दिले नव्हते. उंची जवळपास बरोबर होती, पण प्लास्टिकवरून माणूस घसरत होता. खुर्चीवाल्यांनी वेष्टन काढता येईल का विचारले. गृहस्थांनी, तुमची मुलगी कपड्यांशिवाय दाखवता का, अशा नजरेने पाहिले. मग जरा निवळून म्हणाले, “नक्की काय शोधताय तुम्ही? मायलेज? रंग?”

ताईने तर बजावून ठेवले होते, ‘माझ्या गुडघ्यासाठी गाडी घेतोयस असं कुठे बोललास, तर मी तिच्यात बसणार नाही.’

“उंची,” खुर्चीवाले म्हणाले.

गृहस्थांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. तो प्रवास फार लांबचा नव्हता. “मग तुम्हाला कुठलीही चालेल,” ते म्हणाले.

शेवटी गाडी सापडली ती पहिल्याच मैदानावर, पत्र्याच्या कचेरीच्या मागे, जिथे विक्रेता गिऱ्हाइकांना सहसा नेत नसे. उंच, चौकोनी, फिकट पिवळी. तिच्याकडे पाहून कोणाच्याही मनात वेगाचा विचार आला नसता.

“भाऊजी, ही गाडी आहे का फ्रिज?” मेहुणा म्हणाला. “चला, लोक बघतायत.”

खुर्चीवाल्यांनी दार उघडले. पट्टी लावली. पट्टीचे वरचे टोक आणि सीटचा काठ एका रेषेत आले. मधून बोटाचे नखही गेले नसते. त्यांनी पंजाने बैठक दाबून पाहिली. आतला फोम टणक होता, काठ ढासळलेला नव्हता. ज्याची गाडी होती तो माणूस एकटा असावा. बाजूच्या सीटवर फारसे कोणी बसलेलेच नव्हते. ते बसले, हाताची घडी घातली आणि उठले. मग त्यांनी चेहरा पाडला. मेहुण्याच्या सगळ्या उपदेशातून त्यांनी उचलले ते एवढेच, पण त्यांचा चेहरा मुळात तसाच असल्यामुळे विक्रेत्याच्या लक्षात काही आले नाही.

मेहुण्याने आपल्या ओळखीचा मेकॅनिक आणला. तो गाडीखाली सरकला, बाहेर आला, गाडी चालवून आला आणि हात पुसत म्हणाला, “इंजिन बरं आहे. ब्रेक बरे आहेत. खालून जरा थकलीय. ओझं पडलं की दबते. दोन माणसं, एखादी पिशवी, एवढ्याला काही नाही. ओझं वाहायचं असेल तर मात्र घेऊ नका.”

मेहुणा त्या वाक्यावर तुटून पडला आणि त्याच्या जोरावर त्याने किंमत खाली आणली. तो त्याच्या आयुष्यातला एक चांगला दिवस होता.

“ओझं कसलं नाहीये,” खुर्चीवाले मेकॅनिकला म्हणाले. ओझे म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडाचे ओंडके आले, सिमेंटची पोती आली, सभागृहातल्या जोडखुर्च्या आल्या. ताई आली नाही. ताई आणि ओझे हे दोन शब्द त्यांच्या डोक्यात कधी शेजारी बसलेच नव्हते.

रविवारी सकाळी गाडी दारासमोर उभी राहिली. संगीताच्या बाईंना फोन गेला होता. ताई इस्त्रीचे कपडे घालून, केस घट्ट बांधून बाहेर आली. गाडीला एक फेरी मारली. “रंग कोणी निवडला?” तिने विचारले, आणि कोणी उत्तर देण्याआधी पुन्हा गोड होत म्हणाली, “चालेल. छान आहे.”

मग तिने गाडीकडे पाठ केली, हाताची घडी घातली आणि बसली. एक पाय आत, दुसरा पाय आत. सगळे इतके सहज झाले की बायकोने टाळी वाजवण्यासाठी उचललेले हात पदराशी नेऊन ठेवले. खुर्चीवाले चालकाच्या जागी बसले. बायको आणि मेहुणा मागे बसले.

“थांब,” ताई म्हणाली. “इथेच एकदा उठून बघते. तिकडे सगळ्यांसमोर प्रयोग नको.”

तिने दार उघडले, पाय बाहेर टाकले, घडी घातली. पुढे झुकली. अंग जरासे वर आले, मध्येच घुटमळले आणि परत खाली बसले. तिने दुसऱ्यांदा करून पाहिले. तिसऱ्यांदा पाहताना तिने श्वास रोखला होता, ते खुर्चीवाल्यांना ऐकू आले.

“तुम्ही दोघं उतरा,” ते मागे वळून म्हणाले. दोघे उतरले. गाडी थोडी वर आली. ताई उठू शकली नाही. मग ते स्वतः उतरले. गाडी आणखी किंचित वर आली. ताई उठू शकली नाही. ते दुकानात जाऊन पट्टी घेऊन आले आणि गुडघ्यावर बसून त्यांनी ती सीटला लावली. पट्टी वर राहिली, सीट खाली होती. एक बोट कमी पडत होते.

“ताई, हात द्या,” मेहुणा पुढे झाला. “एका झटक्यात—”

“तुझा हात तुझ्याजवळ ठेव.”

“वन्सं, आत्ता कोणी बघत नाहीये हो,” बायको म्हणाली. शेजारचा शिंपी तोवर बाहेर आला होता आणि सवयीने बाह्या सरसावत होता. ताईने त्याच्याकडे पाहिले. त्याने बाह्या खाली केल्या आणि बटणे लावली.

“माझं चुकलं,” खुर्चीवाले जमिनीकडे पाहत म्हणाले. “मी रिकामी मोजली.”

“रिकामी?”

“खुर्ची रिकामीच मोजतात ताई. लाकूड दबत नाही. मेकॅनिक म्हणाला होता, ओझं पडलं की दबते म्हणून.”

“मग?”

“मला वाटलं, तो सामानाबद्दल बोलतोय.”

ताईने त्यांच्या हातातल्या पट्टीकडे पाहिले. “अरे, एवढी धिप्पाड बाई मी,” ती म्हणाली. “ओझं नाही तर काय आहे? एवढं कळत नाही तुला?” पण आवाज म्हणावा तेवढा मोठा नव्हता.

सीटखाली एक फळी घातली की प्रश्न मिटणार होता. ते त्यांचे रोजचे काम होते. पण ताई उठली तर फळी घालता येणार होती, आणि फळी घातली तर ताई उठणार होती. दरम्यान गल्लीत लोक जमू लागले. समोरच्या आजी काठी टेकत आल्या. “नवी घेतली वाटतं? उतरत नाहीस का ग?”

“बसून बघतेय,” ताई म्हणाली.

“किती वेळ?”

“नीट बघायला वेळ लागतो.”

आजी गेल्या, तशा ताईच्या मानेवरच्या शिरा ताणलेल्या खुर्चीवाल्यांना दिसल्या. आता कोणी तिला उचलले, तर ती पुन्हा कोपऱ्यापर्यंतसुद्धा जाणार नाही, हे त्यांना पट्टीइतके स्पष्ट कळले. सीट वर येत नव्हती. मग दुसरी बाजू उरत होती. बुटक्या खुर्चीवरून उठायला जमणार नाही असा जड माणूस दुकानात आला की ते त्याला ओट्याच्या कडेला बसवत आणि पाय खालच्या पायरीवर सोडायला सांगत.

“ताई, सीट उंच होत नसेल तर जमीन खाली पाहिजे.”

“जमीन खाली कुठे करणार तू?”

“करायची नाही. शोधायची. जिथे रस्ता वर आणि कड खाली असेल, तिथे.”

ताईने विचार केला. मग पाय आत घेतले आणि दार ओढून लावले. “चल.”

“वन्सं, आम्ही येऊ?” बायकोने विचारले.

“नको. तुम्ही दोघं बसलात की मी आणखी खाली जाते.”

अशा रीतीने दोघे बहीणभाऊ, ताईला गाडीतून उतरता यावे म्हणून, गाडीतून निघाले. खुर्चीवाले इतके सावकाश चालवत होते की सायकलवाले त्यांना ओलांडताना आत डोकावून, कोणी आजारी आहे का, ते पाहत. बँकेसमोर ते पहिल्यांदा थांबले, पण तिथला फुटपाथ उंच होता. ताईने दार उघडले तेव्हा ते फुटपाथला घासले आणि पाय टेकले तर गुडघे हनुवटीशी येतील अशी स्थिती झाली.

“हे उलटं झालं,” ती म्हणाली. “आणि ब्रेक हळू मार जरा. कवायतीत थांब म्हटल्यावर माझ्या शाळेतल्या मुलीसुद्धा एक पाऊल टाकून थांबायच्या. तू तर भिंतीवर आपटल्यासारखा थांबतोस.”

इस्पितळाच्या दारात उतार होता. तो उपयोगी पडेल असे वाटून त्यांनी गाडी वळवली. आतून चाकांची खुर्ची ढकलत एक सेवक धावत आला. “काळजी करू नका बाई, उचलून घेतो.”

“धाकट्या, पुढे चल. लवकर चल.”

धाकट्याने आयुष्यात पहिल्यांदा वेग घेतला.

तिथून पुढे शहर सुरू झाले, म्हणजे ताईसाठी पुन्हा सुरू झाले. छापखान्याची इमारत पाडली होती. चौकातल्या घड्याळाला नवे काटे बसले होते. तिने काच खाली केली. “हा बघ, सायकलवर कसा बसलाय. पाठीचा कणा आहे का दोरी? अरे ए, ताठ बस!” सायकलवाला ताठ झाला. “आणि ही पोरगी. दप्तर एका खांद्यावर. तिशीत मान धरणार हिची. तू आरशात काय बघतोस सारखा? पुढे बघ. मागचे लोक येतील त्यांचे ते. आणि सकाळी भाजीत मीठ नव्हतं. तुझ्या बायकोला सांग, मी चालेल म्हटलं म्हणून रोज चालणार नाही.”

खुर्चीवाल्यांचा गिअर चुकला. तिने त्यावरूनही ऐकवले. त्यांनी ‘हो’ म्हटले आणि पुढच्या गिअरलाही थोडा आवाज होऊ दिला.

पेट्रोल पंपाची जमीन सपाट निघाली. गोदामांच्या रांगेत उतार होता, पण चुकीच्या बाजूला. शेवटी वस्ती विरळ झाली, तिथे रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढून तो कडेच्या मातीपेक्षा चांगला वीतभर उंच झाला होता. कडेला सिमेंटच्या मोठाल्या नळ्या विकायला मांडल्या होत्या.

“इथे,” ताई म्हणाली. “कडेला घे. अजून. चाक खाली नाही गेलं पाहिजे. बस.”

तिने दार उघडले. पाय खाली सोडले. पाय बराच वेळ खाली जात राहिले आणि मग त्यांना माती लागली. खुर्चीवाले उतरून पलीकडून आले आणि चार पावलांवर थांबले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते, कारण त्या हातांचा त्यांना भरवसा वाटत नव्हता.

ताईने घडी घातली. पुढे झुकली. मातीत एक खडा सरकला, ती जराशी हलली, तिचे कोपर उघडल्यासारखे झाले आणि पुन्हा मिटले. मग ती उभी होती. सरळ, टाचा जुळवून.

नळ्यांच्या राशीमागून एक माणूस आला. “काय पाहिजे बाई? कितीची नळी?”

“काही नको. उभी आहे.”

“उभ्या राहा,” तो म्हणाला आणि परत गेला.

वारा चांगला होता. ताईने नळ्यांच्या रांगेपर्यंत जाऊन एक फेरी मारली, परत आली. खुर्चीवाले म्हणाले, “संध्याकाळी सीटखाली फळी घालतो. पण आता घरी गेल्यावर उतरताना—”

“घरी कोण चाललंय? संगीताच्या बाईंकडे जायचंय ना. तिच्या दारासमोर नळाचं काम काढलंय. सगळा रस्ता खणून ठेवलाय म्हणून आठवडाभर फोनवर रडतेय. रस्ता कुठे किती खोल गेलाय ते बघू या.”

ती परत बसायला गेली, तेव्हा लक्षात आले की त्या मातीवरून आता सीट फार उंच होती. एक अडचण सोडवली की दुसरी तयारच असते, असे तिच्या चेहऱ्यावर दिसले नाही. तिने फक्त मागे थोड्या अंतरावर जिथे रस्ता आणि कड एका पातळीत येत होते, तिकडे बोट दाखवले. “मी चालत जाते. तू गाडी तिथे आण.”

“मागे घ्यावी लागेल.”

“मग घे.”

“मला मागे घेणं नीट येत नाही, ताई.”

“म्हणून तर मी आहे. बस आत.”

ती चालत तिथपर्यंत गेली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून तिने उजवा हात वर केला. खुर्चीवाल्यांनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. “सरळ!” ती ओरडली. नळ्यांमागचा माणूस पुन्हा बाहेर आला. “चाक सोड! आता डावीकडे! डावीकडे म्हटलं, तुझं डावं कुठलं तेही शिकवू का? हं. ये. ये. ये.” फिकट पिवळी गाडी नागमोडी मागे सरकत होती. मागून एक मालट्रक आला. ताईने मान न वळवता दुसरा हात त्याच्यासमोर आडवा धरला, आणि ट्रक, ब्रेकचा लांब सुस्कारा टाकत, आखून दिलेल्या रेषेवर उभा राहावा तसा उभा राहिला.

“थांब!” ती म्हणाली.

खुर्चीवाल्यांनी आणखी एक पाऊलभर गाडी येऊ दिली आणि थांबवली.